गालाआडचा पुरावा

हॉस्पिटलच्या औषध भांडारात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाची श्रद्धा देवावर असेल-नसेल, रिकाम्या बाटलीवर मात्र असते. आपले हे स्टोअरकीपर तर त्या पंथाचे महंतच. नियम छापील होता आणि सगळीकडे असतो तसाच होता. दुखणं मारणारं, गुंगी आणणारं इंजेक्शन हवं असेल, तर आधी वापरलेलं काचेचं अँप्युल खिडकीत आणून ठेवायचं, मगच नवं मिळणार. बाकीचे स्टोअरकीपर हा नियम नोकरीपुरता पाळत. यांनी तो संसारालाही लावून घेतला होता. घरात नवा साबण हवा असेल तर बायकोने जुन्याची चिपटी दाखवायची, मुलीला नवी वही हवी तर तिने जुन्या वहीचं शेवटचं पान. हॉस्पिटलातल्या नर्सेसनी त्यांचं नाव 'रिकामी-दाखवा' ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलंही होतं.

त्यांचा स्वभाव अगदीच हवेतून आला नव्हता. एकतीस वर्षांत त्यांनी दोन चोर पकडले होते. पहिला साधा सफाई कामगार, त्याचं फार काही नाही. दुसरा मात्र एक डॉक्टर होता, गोड बोलणारा, येताजाता तब्येत विचारणारा, आणि पेशंटचं इंजेक्शन स्वतःच्या दंडात टोचून घेणारा. पाणी भरून परत चिकटवलेली त्याची अँप्युलं स्टोअरकीपरांनी उजेडात धरून ओळखली. एकदा दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हे त्या दिवसापासून पाणीसुद्धा फुंकायला लागले, आणि कुणी गोड बोललं की त्यांच्या मनात पाल चुकचुकायला लागली.

निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी बायकोच्या घशाचं ऑपरेशन झालं, मग महिनाभर मशीनचा शेक. बाई आयुष्यभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती, बोलण्याचाच पगार घेणारी. आता तिला पाण्याचा घोट उतरवतानाही डोळ्यांत पाणी यायचं. गोळी गिळणं शक्य नव्हतं. सुया टोचून टोचून शिरा दोरीसारख्या कडक झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, पोटात नळी घालावी लागेल, अन्नही त्यातूनच आणि औषधही. बाईने मान हलवून नाही म्हटलं. नळी घातलेल्या एका मैत्रिणीला तिने शेवटचे सहा महिने पाहिलं होतं.

तेव्हा डॉक्टरांनी एक तिसरी वाट सांगितली. हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीतल्या प्रयोगशाळेत एक नवी चकती तयार होत होती. कोळंबीच्या कवचातून काढलेल्या पदार्थाची, नखाएवढी, काचेसारखी पारदर्शक. ती गालाच्या आतल्या ओल्या कातडीला चिकटवायची. तिथे ती ओल शोषून फुगते, सहा तास हळूहळू औषध सोडत राहते, ते गालातूनच रक्तात जातं, घशाला त्रासच नाही. तीन आठवडे देऊन बघायचं. दुखण्याचा आकडा रोज लिहायचा, शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे असह्य. आकडा उतरला तर चकती पुढे चालू. नाही उतरला तर यादीतून नाव कमी आणि पोटात नळी.

स्टोअरकीपरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, की काम झाल्यावर परत काय मिळतं?

"काहीच नाही," डॉक्टर कौतुकाने म्हणाले. "आपोआप विरघळून जाते. काढायला नको, टाकायला नको. तीच तर गंमत आहे."

ही गंमत स्टोअरकीपरांना मुळीच कळली नाही. कडक देखरेखीतलं औषध माणसाच्या तोंडात जाणार आणि मागे एक कपचासुद्धा उरणार नाही, असली व्यवस्था चोराशिवाय कुणाला सुचेल, असंच त्यांना वाटलं. पण बायको आशेने बघत होती, म्हणून त्यांनी सही केली.

चकत्यांचा डबा घरी आला. सोबत माहितीपत्रकही होतं. ते त्यांनी वाचलं नाही असं नाही. बॅच नंबर, मुदत, किती तापमानात ठेवायचं, हे त्यांना पहिल्या दिवशीच पाठ झालं. स्टोअरकीपर तेवढंच वाचतो. मागच्या पानावर चकती लावल्यावर काय करायचं नाही ते दिलं होतं. ते पेशंटसाठी असतं, अशी त्यांची समजूत.

चकती लावायला सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला घरोघरी नर्स पाठवणाऱ्या एका संस्थेची सिस्टर यायची. तिशीतली, स्कूटरवरून येणारी, आल्या आल्या कोपरापर्यंत हात धुणारी. काकूंच्या ओठांना आधी ओला बोळा लावायची, चकती बोटाच्या टोकावर घेऊन गालाच्या आत दाबायची आणि तीस आकडे मनात मोजायची. मग म्हणायची, "काकू, आता जीभ लावायची नाही हं. तिला तिचं काम करू द्यायचं." फाडलेलं पाकीट ती न मागता काकांच्या हातात द्यायची. अर्धा तास बसायची, काकूंचे केस विंचरायची, आकडा लिहायची आणि निघायची. बोलणं गोड. इतकं गोड, की स्टोअरकीपरांच्या कपाळावर तिसऱ्याच दिवशी आठी पडली.

पहिले दोन दिवस झकास गेले होते. आठाचा आकडा चारवर आला. बाईने अर्धी वाटी पातळ खीर घेतली आणि मुलीशी फोनवर चार शब्द बोलली. मुलगी दूर राहायची, ती फोनवर रडली. स्टोअरकीपरांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्यावर लगेच शंका आली. रिकामं पाकीट ठीक आहे. पण पाकीट रिकामं होणं आणि औषध पेशंटला मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? सिस्टर चकती लावताना पाठमोरी असते. तीस मोजते म्हणे. पण कुणाच्या समोर?

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरची स्कूटर वळणाआड गेली, तसे ते बायकोजवळ आले आणि म्हणाले, तोंड उघड बघू. टॉर्च मारला. उजवा गाल, डावा गाल. चकती कुठेच दिसेना. डॉक्टर सहा तास म्हणाले होते आणि इथे तर पाऊण तासही झाला नव्हता. त्यांनी बोटाला स्वच्छ गॉज गुंडाळलं आणि दोन्ही गालांच्या आतून नीट, कानाकोपऱ्यातून फिरवलं. चकती असती तर बोटाला लागली असती. गॉजवर आला तो नुसता बुळबुळीत, ताणला की तार धरणारा ओलावा. म्हणजे थुंकी. म्हणजे काहीच नाही.

त्यांचं काळीज धडधडलं. भीतीने थोडं, आणि खरं सांगायचं तर जुन्या आनंदाने थोडं. चोर सापडला होता.

पण पुराव्याशिवाय बोलेल तो स्टोअरकीपर कसला? त्यांनी गॉज एका छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, तोंड बंद केलं, वर तारीख-वेळ लिहिली आणि कपाटात ठेवलं. त्या संध्याकाळी दुसरी पिशवी. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. दुखण्याचा आकडा सहावर गेला, मग सातवर. आता त्यांना सगळं स्वच्छ दिसू लागलं. चोर नेहमी सुरुवातीला इमानदार असतो. दोन दिवस खरी चकती लावून विश्वास मिळवायचा, मग हात मारायचा. तो डॉक्टरही असाच तर होता.

सिस्टरला त्यांनी ताकास तूर लागू दिला नाही. ती मात्र आकडा लिहिताना काळजीत पडायची, विचारायची, काका, यांना मध्ये काही गरम दिलं का, चूळ भरली का? ते ठामपणे नाही म्हणायचे, आणि ते खरंही होतं. मनात म्हणायचे, बघा, कशी साळसूद.

आठव्या दिवशी त्यांना पेन्शन ऑफिसात जायचं होतं. वर्षातून एकदा स्वतः उभं राहून आपण जिवंत आहोत हे तिथे पटवून द्यावं लागतं. तिथल्या कारकुनाने आधारासाठी आणखी एक कागद मागितला, तेव्हा या माणसाला कारकुनाचं कौतुकच वाटलं. पण त्यात अख्खी सकाळ गेली आणि गाल तपासायचा राहिला. दुपारी परतले तर बायको शांत झोपलेली. शेजारीण सोबतीला बसली होती. तिने सांगितलं, की आज काकूंनी एक वाटी सूप घेतलं आणि वर्तमानपत्रही चाळलं. आकडा तीन.

आता एवढ्यावर कुणाचेही डोळे उघडले असते. पण संशयाचं पोट फार मोठं असतं, त्यात काहीही पचतं. स्टोअरकीपरांनी विचार केला, की सकाळी निघताना आपण सिस्टरकडे जरा रोखून पाहिलं होतं. ती घाबरली, म्हणून आज खरी चकती लावली. म्हणजे खरी चकती लागली की दुखणं थांबतं. म्हणजे इतर दिवशी ती खरी नसतेच. गणित चोख बसलं. संध्याकाळी त्यांनी दुप्पट काळजीने गॉज फिरवलं, आणि दुसऱ्या सकाळी आकडा परत सातवर होता.

दहाव्या दिवशी त्यांनी सिस्टरला दारातच थांबवलं. आवाज चढवला नाही. त्यांनी कधीच चढवला नव्हता. शांतपणे सांगितलं, की उद्यापासून यायची गरज नाही, आणि का ते तुमच्या संस्थेला कळवलं आहे. तिला आधी कळेचना. मग कळलं, तशी ती पांढरीफटक पडली. तिने खोलीकडे पाहिलं. काकू पलंगावरून बघत होत्या, हात जरा वर उचलला होता, काहीतरी सांगायचं होतं बहुतेक. पण शब्द घशातून वर यायला वेळ लागायचा, आणि तोवर दार बंद झालं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फक्त फाशी देणाऱ्याला तेव्हा ठाऊक नसतं.

मुलीने फोनवर वाद घातला. म्हणाली, बाबा, तुम्ही कुणाचंच कधी ऐकत नाही. यांनी सांगितलं, आता मी स्वतः लावतो, माझ्या हातात तरी काही हरवत नाही. आणि लावलीही. हात धुतले, बोटावर चकती घेतली, गालाच्या आत दाबली, तीस मोजले, मोठ्याने मोजले. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली जागेवर बसलेली. तासाभराने तोंड उघडायला लावलं. चकती नाही. गॉज फिरवलं. पुन्हा तीच बुळबुळ.

इथे त्यांची जरा गाळण उडाली. सिस्टर नाही, तरी चोरी चालूच? मग उत्तर सुचलं, आणि ते पहिल्यापेक्षा मोठं होतं. मालच बोगस. सहा तास टिकणारी चकती तासात जाते, म्हणजे प्रयोगशाळेतच कुणीतरी खरी चकती काढून साध्या सरसाची भरत असणार. डब्यावरचा बॅच नंबर त्यांनी भिंगाखाली धरला. पाकिटांच्या कडा तपासल्या. एक पाकीट तर पाण्यात बुडवून हवेचे बुडबुडे येतात का तेही पाहिलं. सगळं जिथल्या तिथे. पिशव्यांची रांग वाढत गेली आणि आकडा आठवर जाऊन बसला. बाईचं खाणं चार चमच्यांवर आलं होतं. यादीतून नाव कमी व्हायला पाच दिवस उरले होते.

सोळाव्या दिवशी दुपारी ते पलंगाशी बसले होते. बायकोच्या गालावर आतून लालसर ओरखडे आले होते, ते त्यांना टॉर्चमध्ये दिसले. गॉजने येतात असे ओरखडे. ते त्यांना कळलं नाही. त्यांना भलतंच काहीतरी वाटलं आणि ते तोंडातून निघून गेलं.

"खरं सांग. तू ती थुंकून टाकतेस का?"

बाईने त्यांच्याकडे पाहिलं. मग नाही म्हणायलाही मान हलवली नाही, नुसती कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. चाळीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न विचारण्याइतका हा माणूस खाली उतरला होता, आणि तरीही त्याच्या मनात आलं ते हेच, की उत्तर का दिलं नाही?

सतराव्या दिवशी सकाळची चकती लावून, तपासून, शेजारणीला बसवून ते प्रयोगशाळेत गेले. अठ्ठावीस पिशव्या, तारीखवार, एका चपट्या खोक्यात. आज कुणाची तरी नोकरी जाणार याबद्दल त्यांना शंका नव्हती. कुणाची, एवढंच ठरायचं होतं.

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली होती. खिडकीखाली काचेच्या पाट्या अगदी समपातळीत मांडलेल्या आणि त्यांवर साईसारखा पातळ थर वाळत पडलेला. एका बाजूला चकत्या पाडायचा गोल ठसा. दुसरीकडे कोमट खारट पाण्याच्या भांड्यात बकऱ्याच्या गालाची आतली कातडी तरंगत होती. चकती किती घट्ट चिकटते हे तिच्यावरच तपासायचे. संशोधक बाई पन्नाशीच्या, चष्मा केसांत खोचलेला, आणि तोच चष्मा टेबलावर शोधत असलेल्या. स्टोअरकीपरांना त्या नावाने ओळखत होत्या. म्हणजे टोपणनावाने. ते त्यांनी हसू दाबलं त्यावरून कळलं.

त्यांनी खोकं उघडलं, पिशव्या टेबलावर ओळीने लावल्या आणि सगळी हकीकत सांगितली. सिस्टर, पेन्शन ऑफिसचा दिवस, स्वतः लावलेल्या चकत्या, पाण्यात बुडवलेलं पाकीट. बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी एक पिशवी उचलून त्यांनी विचारलं, हे गॉज नेमकं कुठे फिरवलं होतं?

"गालाच्या आतून. दोन्ही बाजूंनी. चांगलं रगडून, म्हणजे शंका राहायला नको."

"रोज?"

"दोन्ही वेळा. एकदाच राहिलं."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. मग उठून त्यांनी भांड्यातला कातडीचा तुकडा काढला, एका पाटीवर पसरला आणि नवी चकती त्यावर दाबून धरली. अर्ध्या मिनिटाने म्हणाल्या, ओढा. स्टोअरकीपरांनी चिमट्याने ओढून पाहिलं. चकती सुटेना, कातडीच वर यायला लागली. मग बाईंनी तो तुकडा कोमट पाण्यात सोडला आणि त्यांना चहा विचारला. त्यांनी नको म्हटलं. पाऊण तास दोघं आपापल्या खुर्चीत बसून राहिले. पाऊण तासाने बाईंनी तुकडा परत काढला. चकती दिसत नव्हती. कातडीवर नुसती चमक होती, ओली.

"कुठे गेली?" बाईंनी विचारलं.

"विरघळली," ते म्हणाले.

"नाही. आहे तिथेच आहे. ओल पिऊन कातडीशी एकजीव झालीय. अजून पाच तास अशीच राहून औषध सोडेल. आता तुम्ही घरी करता तसं करा."

त्यांनी बोटाला गॉज गुंडाळलं आणि फिरवलं. ओळखीची बुळबुळ बोटाला लागली. ताणली तर तार आली. एकतीस वर्षं उजेडात काच धरून पाहणारे ते डोळे गॉजवर खिळले, आणि त्यांना पुढचं न सांगताच कळायला लागलं. पण कळणं वेगळं आणि मानणं वेगळं. ते म्हणाले, ही तर थुंकी.

बकऱ्याला इथे कुठली थुंकी, असं बाई म्हणाल्या नाहीत. त्यांनी पिशव्यांतलं एक जुनं, वाळलेलं गॉज काढलं, त्यावर चकतीच्या पदार्थाला रंग चढवणाऱ्या द्रावणाचा थेंब टाकला. गॉज जांभळट झालं. दुसरं काढलं, तेही. कोरं गॉज घेऊन त्यावर टाकला, ते तसंच राहिलं. मग पाच पिशव्यांतली गॉजं पाण्यात भिजवून त्यांनी ते पाणी कोपऱ्यातल्या मशीनला दिलं. मशीनने दोन तास घेतले. छापून आलेला कागद बाईंनी आधी स्वतः वाचला, मग त्यांच्यासमोर ठेवला.

"काका, औषध चोरीला गेलेलं नाही. सगळं इथेच आहे, या खोक्यात. काकूंना जेवढं मिळायला हवं होतं त्यातलं बहुतेक तुम्ही रोज पुसून काढलंत."

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण स्टोअरकीपरांनी आयुष्यात शेकडो लोकांना ऐकवली होती. आता ती त्यांना स्वतःलाच ऐकू आली. शेवटचा एक धागा त्यांनी धरून पाहिला. विचारलं, मग ती सिस्टर?

"तिने चकती नीट लावली, म्हणूनच तर गॉजवर इतकं औषध आलं. तुमचाच पुरावा आहे हा, तिच्या बाजूचा."

बाईंनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला. त्यावर काकूंचं नाव होतं आणि खाली 'उपयोग नाही' असं आधीच लिहिलेलं. चार दिवसांनी तो डॉक्टरांकडे जाणार होता. तो त्यांनी फाडला आणि सांगितलं, की उद्यापासून तीन आठवडे नव्याने मोजू. अट एकच. चकती लागली की सहा तास त्या तोंडाकडे कुणी फिरकायचं नाही. मग पिशव्या गोळा करता करता म्हणाल्या, की इतके नीट, तारीखवार नमुने त्यांना कधी स्वतःच्या विद्यार्थ्यांनीही दिले नव्हते. हे कौतुक होतं की टोमणा, ते स्टोअरकीपरांना कळलं नाही. त्यांनी त्याचा तपासही केला नाही.

घरी जाण्याआधी ते सिस्टरकडे गेले. पत्ता संस्थेतून घेतला. तिथे कळलं, की त्यांच्या पत्रामुळे तिला आठवडाभर घरी बसवलं आहे. तिने दार अर्धंच उघडलं. माफी कशी मागतात याचा त्यांना सराव नव्हता, म्हणून त्यांनी मशीनचा कागद पुढे केला. तिने तो वाचला, परत दिला आणि विचारलं, "काकूंचा आकडा किती?"

"आठ."

"पाचला येते. काकूंसाठी. मी खोलीत असताना तुम्ही आत यायचं नाही, आणि मी गेल्यावरही नाही. आणि संस्थेला दुसरं पत्र. आजच." एवढं सांगून तिने दार लावून घेतलं. या वेळी बोलणं गोड नव्हतं.

घरी आले तेव्हा साडेचार वाजले होते. शेजारीण उठून स्वयंपाकघरात गेली. बाई उशीला टेकून बसली होती, गाल आत गेलेले, ओठ कोरडे. उशी घसरली होती म्हणून ती नीट करायला ते वाकले. ते वाकलेले पाहताच बाईने डोळे मिटून तोंड उघडलं आणि उजवा गाल उजेडाकडे केला. अगदी सवयीने. जिभेने जागाही करून दिली.

स्टोअरकीपर तसेच अर्धवट वाकून राहिले. मग म्हणाले, "मीट. मीट गं तोंड."

त्यांनी सगळं सांगितलं. पलंगाच्या कडेला बसून, पायांकडे बघत. गॉज, जांभळा रंग, मशीन, सिस्टर. काही लपवलं नाही, स्वतःची बाजूही मांडली नाही. मांडण्यासारखी नव्हतीच. सांगून झालं तरी बाईच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसेना. ते त्यांच्या लक्षात आलं.

"तुला माहीत होतं?"

तिने होकारार्थी मान हलवली. मग बोलायला सुरुवात केली. एकेक शब्द घशातून ओढून आणावा लागत होता.

"पाचव्या दिवशीच. तुमचं बोट फिरलं की तासाभरात... परत सुरू व्हायचं."

"मग बोलली का नाहीस? हाताने तरी थांबवायचं. लिहून दाखवायचं. बारा दिवस, अगं, बारा दिवस तू..."

तिने पाण्याचा पेला मागितला. ओठ ओले केले. ते उत्तराची वाट बघत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या उत्तराची त्यांना भीती वाटत होती.

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर तुम्ही म्हणाला असता, ही सिस्टरला सामील आहे."

'असं कसं म्हणेन मी' एवढं म्हणायला स्टोअरकीपरांनी तोंड उघडलं. पण ते म्हणता येईना. कारण त्यांनी अगदी हेच म्हटलं असतं, याच शब्दांत, आणि त्या दोघांनाही ते पक्कं ठाऊक होतं.

बाईने त्यांचा हात हातात घेतला नाही आणि बाजूलाही केला नाही. खाली रस्त्यावर स्कूटर थांबल्याचा आवाज आला. ते उठले, दार उघडलं. सिस्टर त्यांच्याकडे न बघता आत गेली, आणि हात धुवायचा नळ वाहू लागला. स्टोअरकीपर बाहेर जिन्यात गेले आणि दार ओढून घेतलं.

अर्ध्या तासाने ती बाहेर आली. म्हणाली, "लावलीय. डोळा लागतोय त्यांचा."

"बरं," ते म्हणाले.

ती गेल्यावर ते जिन्यातच एका पायरीवर बसले. शेजारीण घरी जायला निघाली होती, तिने विचारलं, आत का जात नाही? त्यांनी सांगितलं, अकरा वाजेपर्यंत मला आत काम नाही.